वसुलीची हलगी

थकबाकीदाराच्या दारात हलगी वाजवावी, हा ठराव पतसंस्थेच्या वार्षिक सभेत टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला. माणूस शरमेनं पैसे भरतो, हे त्यामागचं अर्थशास्त्र. ठरावात लहानमोठा असा भेद नव्हता. सुरुवात कुणापासून करायची, तेवढं मात्र संचालकांच्या मर्जीवर सोडलं होतं.

मर्जी बसली भिगवणच्या चतुराबाईंवर. हायवेच्या कडेला त्यांची मासळीची खानावळ. कर्ज काढून त्यांनी डीप फ्रीजर घेतला होता आणि दोन हप्ते चुकले होते. ऐन जेवणाच्या वेळी वसुली अधिकारी विशाल तीन हलगीवाले घेऊन दारात उभा राहिला. हलगी कडाडली, तशी गिऱ्हाइकं अर्ध्या ताटावरून उठली. दोघंजण त्या गडबडीत बिल द्यायचंही विसरले.

चतुराबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "विशाल, बंद कर बाबा हे. गिऱ्हाईक पळालं तर हप्ता कशातनं भरू?"

"माझ्या हातात काय हाय, मावशी? हप्ता येईपर्यंत रोज वाजवायची, असा आदेश हाय. आन् आठवड्यात न्हाय आला, तर फ्रीजर उचलायचा."

"फ्रीजर गेला तर माझं दुकानच बसलं की. आन् बारामतीच्या आप्पासाहेबांचं काय? त्यांच्या दूध कारखान्याचं कर्ज किती वर्सं थकलंय, समद्या तालुक्याला ठावं हाय."

विशालनं आवाज खाली आणला. "मावशी, तुमची ती थकबाकी. त्यांचं खातं तणावग्रस्त हाय. तणावातल्या माणसाच्या दारात वाजवत्यात व्हय?"

चतुराबाई पेटल्या. ठरावाप्रमाणे आप्पासाहेबांच्या दारातही हलगी वाजवावी, असा अर्ज त्यांनी दिला. अर्ज नियमात बसत होता, हीच मोठी अडचण होती. संचालकांनी त्यावर दोन बैठका घेतल्या, काजू संपवले आणि नाइलाजानं मंजुरी दिली. मात्र एवढ्या मोठ्या माणसाच्या दारात तीनच हलग्या बऱ्या दिसत नाहीत, म्हणून पंधरा ठरवल्या. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून शाल, श्रीफळ आणि हार घेतला. साहेबांची गैरसोय नको, म्हणून त्यांच्या पीएला विचारून वेळही घेतली.

चतुराबाई खानावळ बंद ठेवून, ठेवणीतलं लुगडं नेसून बारामतीला गेल्या. मोठ्या माणसाची मान खाली गेलेली त्यांना एकदा डोळ्यांनी बघायची होती.

एमआयडीसीजवळच्या बंगल्यापुढं पंधरा हलग्या एकदम घुमल्या. पाळी सुटलेल्या कामगारांनी मोटारसायकली लावल्या. एवढी हलगी म्हणजे मानच असणार, असं समजून ते नाचू लागले. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. आप्पासाहेब बाहेर आले आणि त्यांनी सवयीनं मान पुढं करून हार घालून घेतला.

"कशाबद्दल हे?" त्यांनी विचारलं.

"थकबाकीबद्दल, साहेब," विशाल हात जोडून म्हणाला.

"म्हणजे मीच सगळ्यात मोठा?"

"व्हय साहेब. तुमच्या जवळपास बी कुणी न्हाय."

"मग ठीक आहे," आप्पासाहेब म्हणाले आणि त्यांनी माईक मागवला. मोठं कर्ज घ्यायला मोठं काळीज लागतं, हे त्यांनी तरुणांना समजावून सांगितलं. भारावलेल्या संचालकांनी तिथंच व्याज माफ केलं आणि तणाव कमी व्हावा म्हणून नवं कर्जही जाहीर केलं. गर्दीत चतुराबाईंच्या हातावरही पेढा आला. कडू लागेल असं त्यांना वाटलं होतं, पण पेढा चांगला होता.

पंधरा हलग्यांचा खर्च मात्र अर्जदाराच्या खात्यावर पडला. तो आणि चुकलेले हप्ते काही चतुराबाईंना भरता आले नाहीत आणि अर्जामुळे लांबलेला आठवडा भरताच विशाल टेम्पो घेऊन आला. फ्रीजर गेला. त्या दिवशी चतुराबाई मागच्या दारी बसून मनसोक्त रडल्या. मग बर्फाच्या खोक्यात मासळी ठेवून त्यांनी पुन्हा चूल पेटवली.

पुढं एका दुपारी खानावळ भरलेली असताना आप्पासाहेबांच्या कारखान्यातला कामगार सोमनाथ जेवायला आला.

"सोमनाथ, मागलं एक ताट ऱ्हायलंय तुजं," चतुराबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आदी ते ठेव, मग बस."

सगळे घास थांबले, सगळ्या माना वळल्या. सोमनाथ खिसे चाचपत उभाच राहिला.

इतक्यात बाहेर तीन गाड्या लागल्या. आप्पासाहेब पाहुण्यांसकट आत आले. "बाई, बारा ताटं. मागच्यासारखीच लिहून ठेवा."

चतुराबाईंनी पदर सारखा केला आणि बर्फातला सगळ्यात मोठा मरळ मासा बाहेर काढला. "बसा की साहेब. तुमचं काय, घरचंच हाय."

जेवणारे सगळे जागा द्यायला उठले. तुम्ही तिथं असतात तर मुळीच उठला नसतात, याची खात्री आहे. हातात ताट घेऊन जरा बाजूला सरकला असतात, एवढंच.