सासवा उठवणाऱ्या सुलभाताई

भरल्या खोलीतून कुणाचीही सासू उठवून बाहेर नेण्यात आमच्या सुलभाताईंचा हात कोणी धरू शकत नाही. गंमत म्हणजे सासू हसत हसत जाते.

आमचं काम आरोग्याच्या पाहणीसाठी गटचर्चा घेण्याचं. आठ-दहा बायकांना गोल बसवायचं, आजारपणावर बोलतं करायचं, सगळं रेकॉर्ड करायचं आणि मग ते ऐकून ऐकून लिहून काढायचं. ठाण्याच्या आसपास, दिवा गावापासून कोलशेतपर्यंत हेच करून मी पार शिणले आहे. बोलावतो आम्ही तरुण सुनांना. येतात सासवा, आणि सुनेची उत्तरंही त्याच देतात. "तिला काय होतंय? काय नाय होत!"

अशा वेळी माझ्या मदतनीस ताई पुढे सरसावतात. "आजी, पोरींचं काय ऐकताय? तुमची खरी मीटिंग बाहेर!" बाहेर सतरंजी आणि मधोमध एक बिघडलेला रेकॉर्डर. ताई गंभीर चेहऱ्याने त्याचं बटण दाबतात आणि डिंकाच्या लाडवांपासून सुरुवात करतात. आत सुना अजून लाजत बसलेल्या, बाहेर हशा. मी हशाची तक्रार केली की ताईंचं ठरलेलं उत्तर: "आत पाठवू का सगळ्यांना?"

परवा दिव्यात विषय होता, बायका दुखणं का लपवतात. चर्चा आटोपून बाहेर आले तर सतरंजीवर एकच आजी उरलेली. तिने ताईंचा हात धरून स्वतःच्या काखेत नेला होता. गाठ होती, बऱ्याच महिन्यांची.

"घरी नको सांगूस, बाय. पोरगा रोजावर जातो, खाडा पडेल त्याचा."

दुसऱ्या दिवशी आजीला दवाखान्यात न्यायला ताईंनी रजा टाकली. मी वैतागले. कोलशेतच्या सासवा कोण उठवणार?

"सासवा कुठे पळून जात नाहीत. तुम्ही पण चला, मॅडम," ताई म्हणाल्या. गेले, झालं.

ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात खिडकीवरच्या बाईने विचारलं, "सोबत घरचं कोण आहे?"

आजी घाबरून माघारी वळली.

"मी आहे ना. सून," ताई म्हणाल्या.

ताईंचं लग्नच झालेलं नाही. पण केसपेपर निघाला.

बाकावर आजी जरा सरकली. "मग उभी काय ऱ्हायलीस? बस इथं. सकाळपासून काय खाल्लंस का?"

एरवी ताई कुणाचं ऐकून घेतील तर शपथ.

"नाही, आई," त्या म्हणाल्या आणि आजीला चिकटून बसल्या.