राखेतलं लग्न

आधीच सांगून ठेवते, या प्रकरणात माझी काही चूक नव्हती. आजही नाही! चाळीस वर्षं मी बी राखलंय. नाचणी, वाल, खुरासणी, सगळं! एका दाण्याला कधी किडा लागला नाही.

माझ्या नातीचं, संस्कृतीचं बारसं झालं ते २००६ साल. त्याच साली वैशाखात डिंभ्याला माझ्या थोरल्या भावाच्या, जानकूदादाच्या नातीचं लग्न झालं. आरतीचं. वरातीत दादा असा नाचला की बँडवाले दमले, हा दमेना! वय अठ्ठ्याहत्तर! शूटिंग माझ्या लेकानं, सुभाषनं केलं. घोडेगावात त्याचं शूटिंगचं दुकान. त्याच्याकडून लग्नाची सीडी मिळेपर्यंत नवरीचा पाळणा हलतो, एवढा त्याचा झपाटा!

पेरण्या आटोपल्या आणि सुभाष शिनोलीला माझ्याकडं दोन काळ्या डब्या, हार्ड डिस्क म्हणे, घेऊन आला.

"आई, कॉम्प्युटर भरलाय. कॅसेटा पुसून दुसऱ्या लग्नांना वापरल्या. आता सगळी लग्नं या डब्यांत हायेत. एक हितं ठेव, एक दुसऱ्या गावी. घर जळलं तरी एक तरी वाचली पायजेल."

"ते तू मला शिकवतोस व्हय रे? बी कधी एका मडक्यात ठेवत न्हाईत!"

"जपून ठेव म्हंजे झालं."

जपून! एक डबी मी जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळली, मडक्यात चाळलेल्या राखेच्या मधोमध ठेवली, वर लिंबाचा पाला घातला आणि तोंड शेणानं लिंपलं. दुसरीचं गाठोडं बांधून आणे गावी माझ्या नणंदेकडं, अंबाबाईकडं पाठवलं. सोबत चिठ्ठी. पन्नाशीत अक्षर शिकले मी, चिठ्ठी लिहायची संधी सोडते होय? लिहिलं, "जपून ठेव. सादळू देऊ नको. पुढल्या साली लागेल."

श्रावणात दादाच्या अंगावरून वारं गेलं. पाय गेले. अंथरुणाला खिळला. मी भेटायला गेले तर म्हणतो, "साळू, एकदा मला माझा नाच बघू दे. ह्याच पायांनी नाचलो का दुसऱ्याच्या, ते बघतो."

"दिवाळीला दाखवते," मी शब्द दिला.

आणि दिवाळीच्या तोंडावर, वीज गेली-आली, गेली-आली, त्यात सुभाषचा कॉम्प्युटर खलास! आरतीच्या सीडीचं कामही त्यातच गेलं. धावत घरी आला.

"आई, डबी!"

"राखेत हाय."

तो मटकन खालीच बसला. विंचू चावल्यासारखा चेहरा!

"राखेत? आगं, धूळ गेली तरी मरती ती! आन् दुसरी?"

"अंबाबाईकडं."

तो तडक आण्याला निघाला. हा तिथं काय बोलून बसेल म्हणून मी पण मागोमाग. तीन गाड्या बदलून पोचलो. अंबाबाईनं गाठोडं चुलीच्या वर टांगलेलं! काळंभोर! भाजल्या वांग्यासारखं!

"आत्या, ते काढ," सुभाष म्हणाला.

"मृगाआधी बी सोडत न्हाई मी."

"बी न्हाई ते! लग्न हाय!"

"गाठोड्यात लग्न?" अंबाबाईनं माझ्याकडं पाहिलं. "वयनी, पोराला कुणाला दाखवलं का?"

"अंबाबाय, खरंच लग्न हाय. माझ्या भावाच्या नातीचं."

"आन् मी चार महिनं धूर देतीय त्याला! चिठ्ठीत बियाचंच लिवलं व्हतं की! शेजारच्या पोरीनं वाचून दावलं."

चिठ्ठीत बी हा शब्द नव्हता, पण होता असंच वाटावं, एवढी ती चांगली लिहिलेली!

शेवटी पेरायला पायलीभर वाल देते म्हणून कबूल केलं, तेव्हा बाईनं गाठोडं सोडलं. घोडेगावला आलो. सुभाषनं मित्राचा कॉम्प्युटर आणला, डबी जोडली. लागली! धुरानं काही झालं नव्हतं! मी म्हणाले, "बघ!" आणि पडदा उघडला तर लालभडक! नुसता लाल!

"अरे, लग्न कुठाय?"

सुभाषचा आवाज खोल गेला. "आई, आत्ता आठवलं, दुसऱ्या डबीत जागा पुरंना. मग कुठं कापायचं, कुठं गाणं टाकायचं, तेवढंच घेतलं. शूटिंग पहिल्या डबीत. ते न्हाई म्हनून लाल दिसतंय."

"म्हंजे हिच्यात टरफल, दाणा न्हाई! आन् माझ्या राखेला नावं ठेवत व्हतास?"

"पण राखेतली मेली आसंल आई!"

"मेली? चल डिंभ्याला! मडकं दादापुढंच फोडते!"

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये कॉम्प्युटर सुभाषच्या मांडीवर, मडकं माझ्या. डिंभ्याला निम्मी आळी जमली. दादाला उशा लावून बसवलं. मी लिंपण फोडलं, पाला काढला, राखेत हात घातला. सगळे खोकले. गाठोडं निघालं. फडक्याच्या आत दुधाची धुतलेली पिशवी, तिच्या आत आणखी एक, दोऱ्यानं घट्ट बांधलेली. डबी कोरी करकरीत!

"पिशव्या घातल्या व्हत्या तर सांगितलं का न्हाई?" सुभाष ओरडला.

"तू इचारलं का? तू तर बसलास रडत!"

डबी जोडली. घरघर झाली. माझा जीव दादाच्या पायांत अडकलेला. आणि बँड वाजला! हळद, अक्षता, पंगत, सगळं आलं! मी सगळ्यांकडं एकेक करून पाहिलं. कुणी बोलतंय का राखेला?

"वरात लाव," दादा म्हणाला.

वरात लागली. पडद्यावर हिरवं लुगडं. मोठं. पडदाभर. लुगडं डावीकडं हललं, उजवीकडं हललं, टाळ्या वाजवल्या. त्याच्या खांद्यावरून मधूनच एक फेटा वर यायचा, परत बुडायचा.

"ही कोण म्हैस आडवी आली?" दादानं विचारलं.

लुगडं मी ओळखलं. संस्कृतीच्या बारशालाच सुनेनं मला घेतलं होतं.

"तवाच बोंबलत व्हतो, आई सरक, आई सरक!" सुभाष म्हणाला. "हेच कापणार व्हतो मी. कापलं तर दादामामाचा नाचच जातोय. म्हनून तर सीडी अडली!"

"बँड वाजत व्हता. मला कसं ऐकू येणार?"

दादा हसायला लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाला, "साळे, ल्हानपणापास्नं तू माझ्याफुडंच! परत लाव रं सुभाष. फेटा माझाच हाय."

तीन वेळा लावलं. भावाच्या नातीच्या वरातीत बहीण पुढं उभी राहणार नाही तर कोण राहणार? मी अजूनही तेच म्हणते.

जानकूदादा २००७ साली, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारला.