चेटकिणी काढणारा जोमादादा

“हालू नको गुरुजी, तू आता राक्सस हायस!”

जोमादादाशी माझी ओळख झाली ती अशी. साठ सालाच्या आसपास मी बेलापूरच्या शाळेत नवा रुजू झालो होतो. एका संध्याकाळी जवळच्या दिवाळे गावच्या धक्क्यावर फिरायला गेलो. डोळ्यांवर ऊन आलं म्हणून तोंड वाकडं केलं, तर समोर उकिडव्या बसलेल्या एका कोळ्यानं मला तिथंच उभं केलं आणि कागदावर टाक चालवायला सुरुवात केली. पुढं मुंबईहून परीकथांचं पुस्तक छापून आलं. त्यात राजकन्येला पळवणारा मीच होतो! वर्गात माझा धाक वाढला तो त्या दिवसापासून.

होड्यांवर नावं रंगवणं हा त्याचा धंदा. त्याचा हात पाहून गिरगावातल्या एका प्रकाशकानं त्याला चित्रांचं काम दिलं होतं. जंगल म्हटलं की तो खाडीतली तिवरं काढायचा. बोंबील वाळवायच्या काठ्यांची राजवाड्याची कुंपणं व्हायची. तलाठ्याला त्यानं चेटकीण केलं होतं, मिशा वगळून.

त्याचे राक्षस मात्र भीतिदायक नसत. अर्धं अंग सावलीत, मान खाली. मी विचारलं, तर म्हणाला, “काला रंग म्हंजे राग नाय, गुरुजी. जो बोलत नाय ना, तो काला.”

घरात तो आणि त्याची आये, दोघंच. आये सावत्र, हे मला फार उशिरा कळलं. सख्खी गेली तेव्हा जोमा रांगत होता. हिनंच मासळीची पाटी डोक्यावर नि त्याला कमरेवर घेऊन वाढवला. तिला अक्षरओळख नव्हती. नवं पुस्तक आलं की ती अंगणात बसून चित्रं बघायची, आणि जोमा गोष्ट सांगायचा.

एकदा सावत्र आईची गोष्ट आली. जोमानं बाई काढली ती चुलीपाशी पाठमोरी बसलेली. प्रकाशकानं चित्र परत केलं. “पोरांना बघताक्षणी कळलं पाहिजे, दुष्ट आहे म्हणून!”

जोमा बरेच दिवस कुढला. मग त्यानं तिला समोर वळवली. भिवया तिरप्या केल्या, नखं वाढवली, मागं भिंतीवर तिची सावली गिधाडासारखी पाडली. चित्र विलक्षण उतरलं होतं.

पुस्तक आलं तेव्हा मी तिथंच होतो. जोमानं कौतुकानं ते आयेच्या मांडीवर ठेवलं. पानं उलटता उलटता ती थांबली.

“ही कोन रं?”

“सावतर आये.” जोमा बोलून गेला.

ती बघत राहिली. मग म्हणाली, “नथ माजीच दिलीस.”

जोमाचा चेहरा उतरला. “दुसरी नथ मना येतेच कुठं, आये? हाताला सवय...”

“पोरांना भ्या वाटंल ना हिचं?”

“वाटंल.”

“मंग बरी झालीय.” पुस्तक त्याच्या हातात देऊन ती बोंबील परतायला उठली.

ती रागावली नाही, बोलणं टाकलं नाही, जेवायला रोजच्यासारखंच वाढलं. पण त्यानंतर तिनं पुस्तक कधी मागितलं नाही. जोमानंही दाखवलं नाही. आज दाखवू, उद्या बोलू, असं करता करता पावसाळ्याच्या तापात ती गेली.

प्रकाशकाकडे तो पुन्हा फिरकला नाही. होड्यांची नावं तेवढी रंगवत राहिला. वाटेत भेटलो तर मान हलवायचा, थांबवायचा नाही.

वर्षभरानं एका दुपारी त्याच्या घरी गेलो, तर जमिनीवर कागदच कागद पसरलेले. सगळ्यांवर आये. पाटी घेतलेली आये, चुलीपाशी आये, कडेवर पोर घेतलेली आये.

“सुरेख आहेत, जोमादादा,” मी म्हणालो.

त्यानं एक कागद उचलून माझ्यासमोर धरला.

“नीट बग, गुरुजी. हसती काढतंय, तरी भिवया तिरप्याच येतात.”