घरात कोणी नाही

या सगळ्याला कारण झाला बाथरूमचा दिवा. आता बाथरूमचा दिवा चुकून चालू राहिला म्हणजे काही जगबुडी होत नाही. तुमच्या-आमच्या घरी राहतोच की. आपण तो बंद करतो, दोन शब्द पुटपुटतो आणि कामाला लागतो. पण हा दिवा ज्यांच्या नजरेला पडला, त्यांना त्यांच्या पाणीपुरवठा कचेरीत सगळे 'मेनस्विच' म्हणायचे. ते तिथे हेडक्लार्क होते. संध्याकाळी सगळ्यांत शेवटी निघायचे आणि जाताजाता एकेका टेबलावरचा दिवा नि पंखा बंद करत जायचे, टेबलाशी माणूस बसलेला असला तरी. (एकदा खुद्द मोठ्या साहेबांना त्यांनी असं अंधारात ठेवलं होतं. साहेबांनी तशीच चाचपडत सही केली आणि एका शिपायाची अडकलेली रजा मंजूर झाली. तो शिपाई अजून मेनस्विचना वाकून नमस्कार करतो.)

"बाथरूमचा दिवा कोणी चालू ठेवला?" मेनस्विच हॉलच्या मधोमध उभे राहून गरजले.

कॉलेजात जाणाऱ्या लेकीने पुस्तकातून मान वर केली नाही. मेनस्विचचे वडील, म्हणजे घरातले आबा, आरामखुर्चीत होते. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. ऐकू त्यांना उत्तम यायचं. अधू झाले होते ते डोळे.

"मी विचारतोय, कोणी ठेवला?"

"अहो, तुम्हीच आत्ता बाहेर आलात तिथून," बायको म्हणाली. "हात अजून ओले आहेत तुमचे."

मेनस्विचनी हात पाठीमागे नेले. एखाद्याने चूक कबूल केली असती. त्यांनी निष्कर्ष काढला. माणूस या प्राण्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही, विजेचा कारभार आता यंत्राच्याच हाती द्यायचा.

चार दिवसांत खोकी आली. प्रत्येक खोलीत भिंतीवर उंच, लिंबाएवढा एक पांढरा डोळा बसला. खोलीत दोन मिनिटं कोणी हललं नाही, की दिवा-पंखा बंद. हॉलमध्ये, कोणाचा हात पोचू नये म्हणून पार माळ्याला लागून, एक पेटी बसली. ती या सगळ्या डोळ्यांची मुकादमीण. सगळ्या घरात मिळून दहा मिनिटं हालचाल दिसली नाही, की ती खणखणीत आवाजात सांगायची, "घरात कोणी नाही. सर्व उपकरणे बंद करीत आहे." आणि फ्रीज सोडून सगळं खरोखरच बंद करायची.

"साहेब, इंटरनेटचा राउटर तेवढा हिच्यावर टाकू नका," वायरमन शिडीवरून म्हणाला.

"का? तो वीज खात नाही?"

"खातो. पण चमचाभर."

"चमचाभर तरी का खाईना फुकट?" मेनस्विच म्हणाले आणि राउटर पेटीच्या ताब्यात गेला. हे वाक्य लक्षात ठेवा. बायकोने ठेवलं होतं.

पहिल्या आठवड्यात एक गोची झाली. घर बंद असताना भिंतीवरची पाल इकडून तिकडे गेली, पेटीला वाटलं मंडळी परत आली, आणि पालीने दुपारभर दिवे-पंख्यांची चैन केली. मेनस्विचच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी लगेच नवी सेटिंग केली. एकदा घर बंद झालं, की सलग तीन मिनिटं जोरदार हालचाल दिसल्याशिवाय काहीही चालू होणार नाही. पालीला तीन मिनिटं दम धरवणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. (माणसांचा दम त्यांनी तपासला नव्हता.)

घरची माणसं मात्र बिचारी रुळली. आबांना रोज संध्याकाळी सून पेपर वाचून दाखवायची. सहा वर्षं, एकही दिवस न चुकता. आबांना दिसेनासं झालं त्या महिन्यात तिने पहिला अग्रलेख वाचला, नि तिचं तिलाच कळलं की आपल्याला वाचायला येतं. नुसतं अक्षरांवरून धावणं नव्हे. ती वाचायला लागली की आबांच्या डोळ्यांपुढे माणसं उभी राहायची. आता त्या वाचनात दर दोन मिनिटांनी अंधार व्हायला लागला. त्यावर उपाय म्हणून सून वाचायची आणि आबा वर हात करून हलवत बसायचे. समोरच्या घरातल्या बाई आठवडाभर खिडकीतून त्यांना उलट हात करत होत्या. लेक अभ्यासाला बसली की पाय हलवायची. याच आबांनी तिला लहानपणापासून "पाय हलवू नये गं" म्हणून ओरडून ठेवलं होतं. आता तेच म्हणायचे, "हलव, बाळा, हलव. पंखा जाईल."

मेनस्विच खूश होते. कचेरीत डबा खाताना ते इतरांना विजेच्या बचतीवर ऐकवायचे.

अशातच बायकोला एक पत्र आलं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं आवाजात तयार करणारी एक संस्था होती. तिथे वाचक म्हणून तिने गुपचूप अर्ज केला होता. परीक्षा घरबसल्या, इंटरनेटवरून, रविवारी सकाळी अकराला. वीस मिनिटं सलग वाचन. समोर तीन परीक्षक.

"लग्नानंतर मी पहिल्यांदा कुठे अर्ज केलाय," ती जेवताना म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, पण घास हातातच राहिला होता. "एकदाच घेतात परीक्षा. परत नाही. मला हे हवंय हो. फार हवंय."

"अगं, मिळालंच समज!" मेनस्विच म्हणाले. त्यांना खरंच मनापासून आनंद झाला होता. माणूस वाईट नव्हता, एवढं सांगायला हवं.

रविवारी सकाळपासून तिने आतली खोली तयार केली. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीला दोन गाद्या उभ्या केल्या. कागद उलटताना खसखस होऊ नये म्हणून सगळी पानं एका फळीवर शेजारी-शेजारी चिकटवली. मग हॉलमध्ये येऊन तिने हुकूम सोडला.

"वीस मिनिटं कोणी उठायचं नाही, बोलायचं नाही, खोकायचं नाही. आबा, काठी आपटायची नाही. पाय हलवायचे नाहीत गं. आणि तुम्ही—"

"तुझ्या खोलीचा दिवा मी कायम चालूवर टाकलाय," मेनस्विच छाती काढून म्हणाले. "दोन मिनिटांचा नियम तुला नाही. बघ, लक्षात होतं माझ्या!"

तिने कधी नव्हे ते कौतुकाने त्यांच्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

अकरा वाजले. आबा काठीवर दोन्ही हात ठेवून खुर्चीत. लेक भिंतीला टेकून मांडी घालून. मेनस्विच सोफ्यावर. आतून बायकोचा आवाज झिरपत यायला लागला, आणि तिघंही ऐकता ऐकता हरवून गेली. दोन मिनिटांनी हॉलचा पंखा गेला. कोणी बोट हलवलं नाही. घाम कानामागून उतरला, तरी मेनस्विचनी तो पुसला नाही. नवऱ्याने बायकोसाठी इतकं केल्याचं तुम्ही कधी ऐकलंय, असं त्यांना स्वतःबद्दल वाटत होतं. गोष्ट, तिच्यातल्या म्हातारीला मुलगा स्टेशनवर दिसतो त्या जागी आली. बायकोचा आवाज भरून आला.

आणि माळ्याजवळून खणखणीत घोषणा झाली, "घरात कोणी नाही. सर्व उपकरणे बंद करीत आहे."

टक्.

दार उघडून बायको बाहेर आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "इंटरनेट गेलं," ती एवढंच म्हणाली. डोळे भरलेले. "चमचाभर, नाही का हो?"

मेनस्विचच्या तोंडचं पाणी पळालं. पेटी फोनवरून चालू करावी म्हणून त्यांनी फोन काढला. फोन म्हणाला, पेटीचा इंटरनेटशी संपर्क नाही. इंटरनेट पेटीनेच बंद केलं होतं.

"फोनवरूनच लाव ना आई," लेक म्हणाली.

"आत रेंज येते का कधी? आणि बाहेर बसले तर रस्ताच ऐकू जाईल सगळा." तिने हॉलमधूनच परीक्षकबाईंना फोन लावला, दोनदा "हो" म्हणाली आणि ठेवला. "सात मिनिटं थांबतायत. मग पुढच्या बाईंना घेणार."

"तीन मिनिटं हालचाल!" मेनस्विच किंचाळले. "हला! सगळे हला!"

मग जे झालं ते समोरच्या बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि नंतर सगळ्या गल्लीला सांगितलं. लेक दोरीशिवाय दोरीवरच्या उड्या मारत होती. मेनस्विच दोन्ही हात वर करून सोफ्याभोवती पळत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आबा खुर्चीतल्या खुर्चीत काठी गरागरा फिरवत होते आणि "किती झाली? किती झाली?" विचारत होते.

"बघतो," म्हणून मेनस्विच घड्याळ बघायला थांबले. ते थांबले म्हणून झाली असतील तीन, असं समजून लेक थांबली. आबांनी काठी टेकली.

"दोन मिनिटं पन्नास!" मेनस्विच म्हणाले, आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"बाजूला व्हा!" बायको म्हणाली. तिने साडीचा पदर खोचला आणि हॉलमध्ये अशी काही पळायला लागली की बाकीचे नुसतं तिच्या मागे राहायला धडपडत होते. कोणी घड्याळ पाहिलं नाही. टक् झालं. राउटरवरचे दिवे एकेक करून लागले, आणि सातव्या मिनिटाला, धापा टाकत, ती खुर्चीवर बसली. डोळे मिटून तिने एक लांब श्वास घेतला आणि म्हातारी पुन्हा स्टेशनवर उभी केली.

इकडे मेनस्विचच्या ध्यानात आलं, की पेटी पुन्हा सुरू झाली तेव्हा मागचं सगळं विसरून सुरू झाली. म्हणजे 'कायम चालू' गेलं! दोन मिनिटांत बायकोच्या खोलीत काळोख होणार. बाहेर आबांना काठी फिरवत ठेवून ते मोजे घालून, चार पायांवर, दारातून आत शिरले. लॅपटॉपच्या पाठीमागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेताने बसले आणि भिंतीवरच्या डोळ्यापुढे टॉवेल फिरवायला लागले. न वाजवता. दहा मिनिटं. डाव्या हाताला मुंग्या आल्या तेव्हा उजवा घेतला. बायकोने एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या ओठाचा कोपरा जरासा हलला, पण आवाजाचा धागा तुटला नाही. शेवटचं वाक्य संपलं तेव्हा मेनस्विचच्या डोळ्यांत पाणी होतं. घामही असेल.

"छान वाचलंत," लॅपटॉपमधून बाईंचा आवाज आला. "एक विचारू? तुमच्या मागे कपाटाला आरसा आहे ना, त्यात एक गृहस्थ मघापासून टॉवेल फिरवतायत. सगळं ठीक आहे ना घरी?"

मेनस्विच टॉवेलसकट गोठले.

"हो, ठीक आहे," बायको शांतपणे म्हणाली. "ते आमच्या घरातले दिवे बघतात."

आठ दिवसांनी निवडीचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, की कोणत्याही परिस्थितीत विचलित न होण्याची तुमची क्षमता आम्हाला विशेष भावली. मेनस्विचनी ते वाक्य स्वतःच्या पेनाने अधोरेखित केलं आणि यात आपलाही वाटा आहे असं कचेरीत सांगितलं. वायरमनला बोलावून राउटर तेवढा मोकळा केला. वायरमन शिडीवरून नुसता हसला. पेटी मात्र राहिली.

महिनाअखेरीला संध्याकाळी पेटीने फोनवर अहवाल पाठवला. कोणत्या खोलीत किती हालचाल, सगळं सविस्तर.

"वाच, मोठ्याने वाच," मेनस्विच बायकोला म्हणाले. "सगळ्यांना कळू दे घरात कोण काय करतं ते."

बायकोने फोन हातात घेतला आणि आपल्या नव्या नोकरीतल्या आवाजात वाचायला सुरुवात केली. "स्वयंपाकघर. रोज सरासरी सहा तास हालचाल. हॉल. रविवार, सकाळी नऊ ते दुपारी एक." ती थांबली. "कोणी नाही."

"काहीतरीच! आबा रविवारी सकाळी समोरच्यांकडे गप्पांना जातात, पण मी असतो ना! सोफ्यावर!"

"पुढचा रविवार. नऊ ते एक. कोणी नाही. त्याच्या पुढचा रविवार—"

"यंत्र बिघडलंय."

"चारपैकी एका रविवारी मात्र जोरदार हालचाल आहे हं बाबा," लेक फोनमध्ये डोकावून म्हणाली. "सात मिनिटं."

सगळी हसत हसत जेवायला स्वयंपाकघरात गेली. मेनस्विच सोफ्यावर एकटेच राहिले. यावर काहीतरी सडेतोड उत्तर द्यायचं म्हणून ते विचार करत बसले. दोन मिनिटं झाली. टक्.

"हॉलचा दिवा गेला का गं?" आतून आबांनी विचारलं.

"हो, आबा."

"मग जाऊ दे," आबा म्हणाले. "वाढ तू. कोणी नाहीये तिथे."