आगटे आणि उभा न राहणारा वीर

आगट्यांच्या घरात शिंकायला बंदी आहे. शिंक आलीच तर पाहुण्याने नाक धरून बाल्कनीत जायचं, दार मागे लावून घ्यायचं आणि मग काय ते उरकायचं. यात गंमत काही नाही. आपण चपला काढत असतानाच ते हा नियम सांगतात, आणि सांगताना त्यांचा चेहरा ऑपरेशनला निघालेल्या माणसासारखा असतो. एकदा त्यांच्या कुणा भाचेजावयाने उघड्या कपाटासमोर सणसणीत शिंक दिली. फळीवरचा पहिला वीर शेजारच्यावर कलंडला, तो त्याच्या शेजारच्यावर, आणि बघता बघता अख्खी फळी जमिनीवर आली. त्या जावयाला पुन्हा कधी चहाला बोलावलेलं नाही.

मुकुंद आगटे धायरीला आमच्या सोसायटीत राहतात, माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये. साठी उलटली आहे. लग्न केलं नाही. का केलं नाही असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "एका लेनमध्ये दोन गाड्या, बाई. आज ना उद्या टक्कर व्हायचीच." मी शाळेत भूगोल शिकवायचे म्हणून सोसायटीत सगळे मला बाईच म्हणतात. 'आज ना उद्या' हे मात्र खास आगट्यांचं. लिफ्ट आज ना उद्या अडकणार, टाकी आज ना उद्या फुटणार, वरच्या मजल्यावरची कुंडी आज ना उद्या कुणाच्या तरी डोक्यात पडणार. यांतलं बरंचसं अजून झालेलं नाही. पण त्यांच्या संगतीत राहून मीसुद्धा हल्ली गॅस दोनदा बघते आणि लिफ्टमध्ये शिरताना मनातल्या मनात देवाचं नाव घेते.

यात त्यांचा दोष नाही. नोकरीत ते विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासायचे. आयुष्यभर चेपलेले दरवाजे आणि फुटलेल्या काचा बघितल्या, की धड असलेल्या वस्तूवरही माणसाला उद्याचा पोचा दिसत असणार. सिंहगड रस्ता ओलांडायचा झाला की ते माझ्या पिशवीचा एक बंद धरतात. पिशवी जड आहे म्हणून धरली, असं दाखवतात.

अशा या माणसाने गोळा काय करावं, तर कशालाही न घाबरणारे वीर. सिनेमातले ते महाबली असतात ना, कुणी उडणारा, कुणी भिंत फोडणारा, कुणी बोटांतून वीज सोडणारा, त्यांचे वीतभर उंचीचे, सांध्यासांध्यांतून वळणारे बाहुले. बाहुले म्हटलेलं आगट्यांना खपत नाही. "फिगर म्हणा, बाई. ॲक्शन फिगर. बाहुल्या भातुकलीत असतात." नवी फिगर बाजारात आली की ते ती मागवतात, तपासतात आणि त्या तपासणीचा व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकतात. बघणाऱ्यांना त्यांचा चेहरा कधीच दिसत नाही. चेहरा दिसला तर चोरांना पत्ता लागेल, अशी त्यांना भीती आहे. टेबल, दिवा, फुलशर्टाची बटणं लावलेले दोन हात आणि तो कोरडा आवाज, एवढंच दिसतं आणि ऐकू येतं.

मोबाइल धरायचं काम माझं. त्यांच्याकडे चांगला स्टँड आहे, पण त्यावर त्यांचा विश्वास नाही. "तीन पायांवर उभी असलेली वस्तू आज ना उद्या पडणार," असं म्हणून त्यांनी तो माळ्यावर टाकला आणि मला फोन केला. तेव्हा माझे यजमान जाऊन फार काळ झाला नव्हता आणि संध्याकाळी घर खायला उठायचं. मी म्हटलं, धरते.

त्यांची तपासणी ऐकण्यासारखी असते. "नमस्कार. बाह्य आवरण: डावा कोपरा दबलेला. कुरियरवाल्यांची कृपा. रंगकाम: भुवईचा रंग ओघळलाय. वीर रागावलेला दिसायला हवा, तो दाढ दुखत असल्यासारखा दिसतो. सांधे: खांदा ठीक, कोपर ठीक, गुडघा कुरकुरतो. या वयात कुणाचा नाही कुरकुरत? मुठी: दोन जादा दिल्यात, त्या हरवणार. अभिप्राय: घ्यायला हरकत नाही. घेतलंच पाहिजे असंही नाही." त्यांच्याकडून मिळणारी सर्वांत मोठी शाबासकी म्हणजे "तक्रार नाही". ती मिळाली की व्हिडिओखाली तरुण पोरांच्या उड्या पडतात: "काका एक नंबर!" "काकांनी पास केला, ऑर्डर टाकली!" त्यांच्या शब्दावर ही पोरं डोळे मिटून विश्वास ठेवतात. आगटे ते वाचून नाक उडवतात, पण वाचतात दोनदा.

गणपतीत तर विचारू नका. ढोलाचा पहिला ठोका चौकात पडायच्या आत सगळे वीर फळ्यांवरून उतरवून पलंगावर, दिवाणावर, टर्किशच्या टॉवेलांवर आडवे केलेले असतात. जग वाचवणारे सगळे जण दहा दिवस ओळीने उताणे, आणि त्यांच्यामधून आगटे पावलांचा आवाज न करता फिरताहेत. स्वतः ते त्या दिवसांत सतरंजीवर झोपतात.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि गेल्या हिवाळ्यात नीलकवच आला. नव्या सिनेमातला वीर, निळं चिलखत, पाठीवर लांब केप. आवरण झालं, रंग झाला, सांधे झाले. मग आगट्यांनी त्याला टेबलावर उभा केला आणि तो पडला. त्यांनी उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदाही तेच.

मी जवळून दिसावं म्हणून मोबाइल पुढे नेला होता. मला पडद्यावर नीलकवच दिसत नव्हता, आगट्यांचा उजवा हात दिसत होता. तो नुसता टेबलावर ठेवलेला होता आणि अंगठा बोटावर फिरत होता, देवासाठी वात वळावी तसा. हातात काहीच नव्हतं. मी मान वर केली, तर आगटे माझ्याकडेच बघत होते. त्यांनी हात टेबलाखाली घेतला आणि मोबाइलकडे बघून म्हणाले, "घोटे सैल. उभा राहत नाही. घेऊ नये."

'घेऊ नये' हे मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. हात दिसत होता तेवढा भाग कापून त्यांनी व्हिडिओ टाकला. मला "दमलोय" म्हणाले आणि दार लावून घेतलं.

खाली लगेच ओरड सुरू झाली. "काका, माझा तर मस्त उभा राहतोय ओ. तुमचा पीस डिफेक्टिव्ह आला असेल, रिप्लेस करून घ्या." दुसरा म्हणाला, त्याच्याकडे तर एका पायावरही राहतो. कुणी लिहिलं की काकांनी सांगितलं म्हणून ऑर्डर कॅन्सल केली. आगट्यांनी कुणालाच उत्तर दिलं नाही. त्यांचा फोन बंद, जिन्यात भेट नाही. दुधाची पिशवी दुपारपर्यंत कडीला लटकलेली. पुढची फिगर अजून आली नाही असं त्यांनी दाराआडून सांगितलं, आणि खोका तर खाली वॉचमनच्या टेबलावर माझ्या डोळ्यांना दिसत होता.

मला भीती वाटायला लागली होती, हे कबूलच करते. त्यांची भीती मला सवयीची होती, तिची मी थट्टाही करायचे. ही भीती वेगळी होती. मी तो खोका उचलला, वर आले आणि त्यांची बेल दाबली, दार उघडेपर्यंत दाबतच राहिले.

"बेल जळेल, बाई," आगटे म्हणाले. दाढी वाढली होती. उजवा हात खिशात.

"जळू दे. नीलकवच कुठाय?"

तो टेबलावर आडवा होता. मी उचलला, पाय जुळवले, ठेवला. मला या वस्तूंची काही सवय नाही, तरी तो उभा राहिला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो.

"अहो आगटे, नोकरीत कधी खोटा रिपोर्ट दिलात?"

"कधीच नाही. गॅरेजवाले पेढे घेऊन यायचे. पेढे परत."

"मग या बिचाऱ्याने तुमचं काय घोडं मारलं होतं?"

ते खुर्चीत बसले. मग त्यांनी हात खिशातून काढून मांडीवर ठेवला. तो आपला वात वळत होता.

"अण्णांचं असंच सुरू झालं होतं," ते म्हणाले. अण्णा म्हणजे त्यांचे वडील. "आधी हात. मग चाल. मग चेहरा नुसता दगड. पाहुणे आले की मी त्यांना आतल्या खोलीत नेऊन बसवायचो. म्हणायचो, अण्णा, तुम्ही आराम करा. त्यांना आराम नको असायचा, बाई. त्यांना बाहेर माणसांत बसायचं असायचं. मला लाज वाटायची."

मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले.

"आता माझी पाळी. आणि गंमत बघा, मला आत नेऊन बसवायलासुद्धा कुणी नाही."

मला त्यांचा राग आला, आणि रडूही आलं. मी शाळेतला आवाज काढून म्हटलं, "तुम्हाला काय झालंय ते डॉक्टर ठरवतील. त्याच्याशी नीलकवचाचा काही संबंध नाही. त्याची बदनामी आधी निस्तरा."

खोटा रिपोर्ट त्यांना हातापेक्षा जास्त टोचत होता, हे मला ठाऊक होतं. ते उठले, दाढी करून आले, फुलशर्ट घातला, टेबलावरचा दिवा लावला. मी मोबाइल धरला.

"नमस्कार. हे शुद्धिपत्र आहे. नीलकवच उभा राहत नाही असं मी सांगितलं होतं. ते खोटं होतं. घोटे घट्ट आहेत. तोल उत्तम. माझा उजवा हात कापतो आणि मला ते तुम्हाला दाखवायचं नव्हतं. हा बघा." त्यांनी हात दिव्याखाली ठेवला आणि तसाच कापू दिला. खूप वेळ. "ज्यांनी ऑर्डर रद्द केली त्यांनी पुन्हा करावी. नीलकवचाबद्दल तक्रार नाही."

खाली पोरांनी जे लिहिलं ते आगट्यांनी किती वेळा वाचलं कोण जाणे. एकाने लिहिलं होतं, "काका, माझ्या आजोबांनाही होतं. लवकर दाखवा, प्लीज." त्यावर मात्र त्यांनी उत्तर दिलं: "सूचना मान्य."

क्लिनिक सदाशिव पेठेत होतं. बाहेर बसलो असताना आगट्यांनी डोक्यावरचा पंखा बघून दोनदा जागा बदलली आणि मलाही बदलायला लावली. नाव पुकारलं तेव्हा मात्र उठले नाहीत. रिसेप्शनवरच्या मुलीने पुन्हा पुकारलं. "आगटे, उठा," मी म्हटलं. ते हळूच म्हणाले, "तुम्ही पण चला."

डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोटांची उघडझाप करायला लावली, मनगट धरून हलवून बघितलं. सांध्यांची तपासणी आगट्यांनी हजारदा केली असेल, पण दुसऱ्या बाजूला बसायची त्यांची पहिलीच वेळ. ते हुकूम पाळणाऱ्या शाळकरी मुलासारखे सगळं करत होते. कंपवात आहे, अण्णांचाच आजार, डॉक्टर म्हणाले. सुरुवात आहे. औषधं आहेत, व्यायाम आहेत, बरीच वर्षं चांगली जातात. "घरी कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही," आगटे म्हणाले.

परतताना रिक्षावाल्याने एका टेंपोला इतकं घासून गाडी काढली की माझी किंकाळी निघाली. आगटे समोर बघत बसले होते. त्यांच्या तोंडून आज ना उद्या काहीतरी होणार असं निघावं म्हणून मी वाट बघितली, पण धायरी येईपर्यंत ते गप्प होते. इतकी मी त्या क्लिनिकमध्येही घाबरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बेल वाजली. दारात आगटे. आजवर ते समोरच्या दारातून फोन करायचे, माझ्या दारापर्यंत कधी आले नव्हते. दोन्ही हात मोकळे, खिशाच्या बाहेर.

"बाई, संध्याकाळी वेळ आहे का?"

"आहे की. कुठली फिगर आली?"

"फिगर नाही. शूटिंगही नाही." ते थांबले. पायपुसण्याकडे बघत म्हणाले, "अंधारून यायला लागलं की एकट्याला भीती वाटते. नुसतं येऊन बसाल का?"

"बसेन. दिवेलागणीला येते."

"जरा आधी या," आगटे म्हणाले.