कालव्याचा दरवाजा आणि माझा तारांकित प्रश्न

लोकशाहीत प्रश्न सुटण्यापेक्षा मांडला जाणं महत्त्वाचं, आणि मांडण्यात माझा हात कोणी धरणार नाही. ग्रामीण भागाचा खासदार म्हणून मी बियाणं, खतं, रस्ते, डास आणि (एकदा चुकून) समुद्रकिनारा यांवर प्रश्न विचारले आहेत. आमच्याकडे समुद्र नाही.

एका वर्षी आमच्या कालव्याचा दरवाजा गंजून अडकला. कालव्याच्या पार शेवटच्या टोकाला माझ्या थोरल्या बहिणीचं शेत. ताईचा फोन आला, "अरे, मका कणसावर आलाय. पंधरवड्यात पाणी नाही मिळालं तर वैरणसुद्धा हाती लागायची नाही. जरा बघ ना!"

बघणं माझ्या अधिकारात बसत नाही, विचारणं बसतं. मी संसदेत प्रश्न दिला: सदर दरवाजामुळे शेतकऱ्यांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय?

प्रश्न मंत्रालयातून खात्याकडे, खात्यातून जिल्ह्याकडे, तिथून तालुक्याकडे असा रीतसर पायऱ्या उतरत गेला. तालुक्याच्या पाटबंधारे कारकुनानं विचार केला, की भागाची खरी माहिती खासदारांखेरीज कोणाला असणार? तो थेट माझ्या दिवाणखान्यात येऊन उभा राहिला. नेमके तेव्हाच माझे वीसेक कार्यकर्ते सोफ्यावर बसले होते (सोफा पाच जणांचा आहे).

"साहेब, आपल्या भागात पाण्याची काही अडचण?"

आता चारचौघांत काय सांगणार? अडचण आहे म्हटलं, तर इतकी वर्षं मी काय केलं, असा पोरकट प्रश्न निघतो. मी छाती फुगवून म्हणालो, "माझ्या भागात? छे! पाणी नुसतं खळखळ वाहतंय. लिहा तसं."

त्यानं लिहिलं. सभागृहात मंत्रिमहोदय उठले. "स्थानिक पातळीवरील अत्यंत विश्वसनीय सूत्रांनुसार, पाणी खळखळ वाहत आहे." 'अत्यंत विश्वसनीय' ऐकून मला भरून आलं. मी जोरजोरात बाक वाजवला.

ताईनं ते टीव्हीवर पाहिलं. "मका गेला रे सगळा," ती म्हणाली. "आणि तू बाक कसला वाजवत होतास?"

मला लाज वाटली. अगदी खरी वाटली. (हे वाक्य कामकाजातून वगळावं.)

पुढच्या निवडणुकीत ताईनं मला मत दिलं नाही. तसं तोंडावर सांगितलंही. तरी माझं मताधिक्य वाढलं. बाक वाजवतानाचा माझा व्हिडिओ तुमच्याकडेही आला होता ना? प्रश्न काय होता, हे तुम्ही कुणालाच विचारलं नाहीत. पुढे मात्र लगेच चौघांना पाठवलात.