दम कोणाचा गेला?

इंजिनाचा नुसता आवाज ऐकून मी रोग सांगतो! बॉनेट उघडायचीसुद्धा गरज पडत नाही. आमच्या पश्चिम कोलोरॅडोत कोणालाही विचारा. म्हणजे शक्यतो मलाच विचारा, कारण बाकीचे लोक लगेच विषय बदलतात.

एकोणीस वर्षं मी हार्लन गावच्या दुकानात नट, बोल्ट, क्लॅम्प विकतोय. "वेंडेल, नटबोल्ट विकणारा मेकॅनिक होत नसतो," असं माझी बायको मार्लिस म्हणते. तिला काय कळतंय! तिच्या माहेरी सगळे एकाहून एक हट्टी. त्या सगळ्या हट्टाचा अर्क म्हणजे तिची व्हर्नामावशी.

मावशींचं वय चौऱ्याहत्तर. उंची हॅट धरून पाच फूट. सव्वीस वर्षं त्यांनी खाणीत मालट्रक चालवले, ज्यांचं एकेक चाक आमच्या घराहून उंच! त्या धडधडाटात दोन्ही कान गेले. आता कानात यंत्रं आहेत, पण बहुतेक वेळा बंद. "बॅटरी कशाला जाळायची? ऐकण्यासारखं बोलतं कोण?" असं म्हणून त्या माझ्याकडेच का बघतात, हे मी अजून विचारलेलं नाही.

नवरा गेल्यावर मावशींनी गोठा विकला, पण डीकन नावाचा वळू तेवढा ठेवला. जन्मला तेव्हा त्याची आई बर्फात गेली, म्हणून मावशींनी त्याला स्वयंपाकघरात चुलीपाशी बाटलीनं दूध पाजून वाढवलं. आता तो तेराशे किलोंचा झालाय आणि अजूनही स्वयंपाकघरात यायला बघतो. येत्या वसंतात मावशी रँच सोडून गावातल्या लहान घरात जाणार होत्या, डीकन शेजाऱ्यांकडे. म्हणजे ऑगस्टच्या जत्रेतली ही वळूंची स्पर्धा त्या दोघांची शेवटची. दुपारी दोनला वजनकाटा बंद. एक मिनिट उशीर झाला, तरी वळू बाद!

"मावशी, निर्धास्त राहा!" मी छातीवर हात मारला. "माझा डिझेल ट्रक आहे. डीकनच काय, त्याचं अख्खं गोत्र ओढून नेईन!"

सकाळी नऊला निघालो. मागं ट्रेलर, ट्रेलरमध्ये डीकन, शेजारी मावशी विणकाम घेऊन. सपाटीवर ट्रक असा पळत होता की मी शीळ घालायला लागलो. मग टॅलो घाट सुरू झाला.

पहिल्याच वळणावर ट्रकनं मान टाकली. अॅक्सिलरेटर पार तळाला, आणि वेग? पन्नासवरून चाळीस, चाळीसवरून वीस! मागं काळा धूर, जणू कोणी ओली लाकडं पेटवलीत. एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला. जाताना हात हलवून गेला!

"टर्बोच्या हवेचा काटा किती?" मावशींनी सुया न थांबवता विचारलं.

"तो काटा बिघडलाय, मावशी! सकाळपासून वर जातच नाही." मी त्याला टिचकी मारून दाखवली.

मावशींनी काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा टाका घेतला.

वळणावरच्या मोकळ्या जागेत मी ट्रक थांबवला. डोळे मिटून आवाज ऐकला. "डिझेलचा फिल्टर तुंबलाय," मी निदान जाहीर केलं. "बिचाऱ्या इंजिनाला प्यायलाच मिळत नाही!"

नवा फिल्टर माझ्याकडे तयार होता. मी तो पंधरा मिनिटांत बदलला. त्यातलं अर्धं डिझेल पँटवर आणि पाव बाहीत गेलं, पण शस्त्रक्रिया म्हटलं की थोडं रक्त सांडतंच! ट्रक सुरू केला. ऐटीत निघालो. दोनशे पावलांवर पुन्हा तेच! शिवाय आता कुठूनतरी फुस्सऽऽ असा आवाजही येत होता.

"डीकनला सर्दी झालीय बहुतेक," मी म्हणालो.

"डीकनला मागच्या नोव्हेंबरपासून सर्दी नाही," मावशी म्हणाल्या.

अकरा वाजून गेले. घाटात मोबाईलला फक्त एका दगडावर रेंज येते. त्या दगडावर एका पायावर उभा राहून मी मार्लिसला फोन लावला.

"मार्लिस, चढावर त्याचा दम गेलाय! पार मान टाकलीय!"

"अगं बाई! कोणाचा?"

"अगं, तो काळं ओकतोय! नुसता फुसफुस करतोय. मी माझ्या परीनं केलं सगळं, आता आशा नाही. मावशींना अजून बोललो नाही, पण..."

आणि रेंज गेली. मी दगडावर दुसरा पाय ठेवून पाहिला. दोन्ही हात वर करून पाहिले. नाही ती नाही!

अर्ध्या तासात धुरळा उडवत एक गाडी आली. कर्रकन ब्रेक लागला आणि आतून गुरांच्या डॉक्टरीणबाई, इनेझ त्रुहियो, पिशवीसकट उडी मारून उतरल्या.

"मार्लिसचा फोन आला! कुठाय पेशंट? उभा आहे का पडलाय? काळं कधीपासून ओकतोय?"

"सकाळपासून," मी खिन्नपणे म्हणालो. आपलं दुःख कोणाला तरी कळलं, याचंच मला बरं वाटलं.

"वेंडेल, पँटवर काय सांडलंय हे? त्याच्या पोटातलं?"

"हो ना! फिल्टर काढताना..."

"तुम्ही वळूचा काय काढलात?!"

तोवर त्या ट्रेलरमध्ये चढल्या होत्या. डीकननं त्यांच्या हॅटचा काठ चावून पाहिला आणि शांतपणे रवंथ करू लागला. बाईंनी त्याच्या छातीला नळी लावली. ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग ट्रेलरच्या दारातून माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मला वाटलं आता सुई मलाच टोचणार.

"हा तर माझ्याहून ठणठणीत आहे! दम गेलाय कोणाचा?"

"ट्रकचा," मी पुटपुटलो.

आणि तेव्हा मावशी हसल्या. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत! मग विणकाम बाजूला ठेवून त्या खाली उतरल्या, कानांतली यंत्रं काढून खिशात टाकली आणि हात पुढं केला. "इनेझ, ती नळी दे बघू इकडे."

"मावशी, ती माणसांची, म्हणजे गुरांची..." मी म्हणालो.

"जावईबापू, चाकांना दगड लावा आणि गाडीत बसा. गिअर टाका. डावा पाय ब्रेकवर घट्ट, उजव्यानं हळूहळू जोर द्या. मी हात वर केला की बंद!"

मी बसलो. मावशी पुढच्या चाकाच्या बाजूला बादली पालथी घालून तिच्यावर चढल्या आणि स्टेथोस्कोप इंजिनाला लावू लागल्या. इथं टेकव, तिथं टेकव. खोकला ऐकणाऱ्या वैद्यासारखा चेहरा! जन्मभराची कानांची चाळण झालेली बाई, पण सव्वीस वर्षांत ऐकलेली इंजिनं काही विसरली नव्हती. एका जागी थांबल्या. भुवई वर गेली. हात वर.

"इथं." आणि यंत्रं पुन्हा कानांत घातली.

टर्बोची कोंबलेली हवा इंजिनात नेणारी रबरी नळी होती ती, मनगटाएवढी जाड. वरून नवीकोरी! मावशींनी खालून बोट फिरवलं आणि तेलकट, काळं बोट मला दाखवलं. खालच्या अंगाला बोटभर लांबीची फट होती.

"सपाटीवर ही मिटून असते. चढावर टर्बोनं जोर केला की उघडते आणि सगळी हवा फुस्स! तुमचा काटा बिघडलेला नव्हता, जावईबापू. बिचारा सकाळपासून खरं सांगत होता."

"पण मला वाटलं डिझेलच कमी..."

"मग काळा धूर कसा येईल? उपाशी माणूस ढेकर देत नाही. ज्याला खायला भरपूर आहे आणि श्वास घेता येत नाही, त्याची ही लक्षणं!"

मी मान खाली घातली. मावशींनी एका वाक्यात माझी एकोणीस वर्षं उलगडून वाळत घातली होती.

एक वाजत आला होता. नवी नळी मिळणार गावात, गाव घाटापलीकडे. मावशींनी खाली पाहिलं, पायांतल्या रबरी गमबुटांकडे.

"माझा घ्या मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तुझे नवे आहेत, पोरी. सुरी काढ."

डॉक्टरीणबाईंच्या शस्त्रक्रियेच्या सुरीनं मावशींनी स्वतःच्या उजव्या बुटाचा वरचा भाग गोल कापला, उभा चिरला आणि नळीभोवती घट्ट गुंडाळला. "क्लॅम्प?" त्यांनी विचारलं.

अखेर माझी वेळ आली! "किती हवेत? एकोणीस आहेत!"

"चार."

चार क्लॅम्प आवळले. मावशींच्या बारक्या हातांतला जोर बघून मी पेचकस मागायचं धाडस केलं नाही. ट्रक निघाला, मागोमाग डॉक्टरीणबाईंची गाडी. पहिलं वळण... दुसरं... आणि काटा वर चढला! धूर नाही, फुस्स नाही. माथ्यावर पोचलो तेव्हा मी अक्षरशः ओरडलो. मावशी नुसत्या म्हणाल्या, "जोर नका लावू. बूट आहे तो."

दोनला नऊ मिनिटं कमी असताना डीकन वजनकाट्यावर उभा राहिला. शेजारी मावशी, एका पायात अख्खा बूट, दुसऱ्या पायात उरलेला अर्धा, आत माझा मोजा आणि वर प्लॅस्टिकची पिशवी.

डीकन चौघांत तिसरा आला. पण परीक्षकानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "इतका गरीब स्वभावाचा वळू वाढवला कोणी?"

"मी," मावशी म्हणाल्या. "बाटलीनं." एवढंच. मग बराच वेळ त्या डीकनच्या कपाळाला कपाळ टेकून उभ्या राहिल्या. मी आणि डॉक्टरीणबाई उगाचच दुसऱ्या बाजूच्या कोंबड्या बघत बसलो.

पुढच्या आठवड्यात गावातल्या रूबेन मेकॅनिकनं नवी नळी बसवली. जुनी, बुटासकट, त्यानं गॅरेजच्या भिंतीवर खिळ्यानं टांगली आणि खाली पाटी लिहिली : 'व्हर्नामावशींचं काम. अठ्ठावीस मैल टिकलं.'

"रूबेन, माझंही नाव टाक की," मी म्हणालो. "गाडी माझी, क्लॅम्प माझे, शिवाय चालवत मी होतो!"

रूबेननं क्षणभर विचार केला. न्यायाचा माणूस आहे. खडू घेऊन त्यानं पाटीवर आणखी एक ओळ लिहिली.

'ओढलेलं वजन : एक ट्रेलर, एक वळू, एक भाचेजावई.'